दुसऱ्या बेडरूमचं भाडं

मुंबईत किंवा पुण्यात जोडपं म्हणून एकत्र राहू पाहणारे दोन पुरुष घर शोधायला लागले की पहिली चर्चा होते ती एरियाची. वांद्रं की वर्सोवा, विमाननगर की बाणेर? सॅन फ्रान्सिस्कोत कॅस्ट्रो आहे, माद्रिदमध्ये च्युएका आहे. हे समलिंगींचे मोहल्ले; तिथं मोहल्ल्याच्या नावावरून शेजाराचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे असा मोहल्ला कुठल्याच शहरात उभा राहिला नाही. मुंबईचा समलिंगींचा प्राइड मोर्चा वर्षानुवर्षं ऑगस्ट क्रांती मैदानाशी जोडलेला आहे, पण तिथल्या आसपासच्या इमारतींत समलिंगी जोडप्याला घर सहज मिळतं असं काही नाही. मोर्चा दुपारपुरता असतो, सोसायटीची कमिटी पाच वर्षांसाठी.

आपल्याकडे हिशेब इमारतीचा असतो, आणि त्याहून नेमकं सांगायचं तर तीन माणसांचा: मालक, सेक्रेटरी आणि गेटवरचा वॉचमन. एकाच गल्लीत एका सोसायटीत ‘बॅचलर चालणार नाहीत’ अशी पाटी असते आणि समोरच्या बिल्डिंगमधला मालक म्हणतो, भाडं पाच तारखेला येऊ दे, बाकी मला काही देणंघेणं नाही. म्हणून एरिया ठरवायला एक संध्याकाळ पुरेशी आहे. इमारत ठरवायला महिनाभर लागला तरी तो वाया गेला असं समजू नये.

पण त्याआधी एक खर्च कागदावर मांडायला हवा, कारण तो फारसा कुणी मांडत नाही. दोन पुरुषांनी वन बीएचके मागितला की एजंट क्षणभर थबकतो. कॉलेजातली दोन पोरं असतील तर ठीक, पैसे नसतील म्हणून एका खोलीत राहतात असं तो धरून चालतो. पस्तिशीतले, चांगल्या पगाराचे दोघं एकच बेडरूम का मागताहेत, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. हा प्रश्नच येऊ नये म्हणून पुष्कळ जोडपी टू बीएचके घेतात. दुसऱ्या खोलीत एक सिंगल पलंग, त्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे, कोपऱ्यात सुटकेसा. कुणी आलं की ‘ही याची खोली’. दोन घरांच्या भाड्यातला फरक महिन्याला १२,००० रुपये धरला तर अकरा महिन्यांच्या एका करारात १,३२,००० होतात, पाच वर्षांत ७,२०,०००. ज्या खोलीत कुणी झोपत नाही तिचं हे भाडं.

काही जोडप्यांना ती खोली खरोखर लागते. दोघांपैकी एकाचं काम घरून चालतं, कुणाची आई वर्षातून दोन महिने येऊन राहते, एकजण घोरतो. मग ती चैन नाही आणि सोंगही नाही. मात्र ती फक्त पाहुण्यांच्या नजरेसाठी घेतली जात असेल, तर तेच १२,००० रुपये स्टेशनजवळच्या किंवा भाडेकरूंची सवय असलेल्या इमारतीतल्या वन बीएचकेवर घालावेत असं माझं ठाम मत आहे. सोंग महाग असतं, आणि ते फार काळ टिकतही नाही. घरकामाला येणाऱ्या मावशींना पंधरा दिवसांत कळतं की दुसऱ्या पलंगावरची चादर कधी चुरगळतच नाही. त्या काही बोलत नाहीत. बहुतेक वेळा त्यांना त्याचं काही वाटतही नाही. पगार वेळेवर आणि दिवाळीला बोनस, एवढ्यावर त्यांचं मत ठरतं.

कायद्याच्या भरवशावर किती राहायचं, तेही आधीच समजून घेतलेलं बरं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात कलम ३७७ ची धार बोथट केली. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मात्र लग्नाचा हक्क नाकारला. या दोन तारखांच्या मध्ये आपलं भाडेकरूपण अडकलेलं आहे. तुम्ही गुन्हेगार नाही, पण कागदोपत्री एकमेकांचे कुणीही नाही. समलिंगी आहात म्हणून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला जाब विचारता येईल असा कायदा देशात नाही. घटनेतलं कलम १५ प्रामुख्याने सरकारला बांधतं, सोसायटीला नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या एका झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करून घेण्याचा नियम वैध ठरवला, यावरून हवा कळते. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने घेण्यात भेदभाव करू नये असं कलम तीनमध्ये लिहिलेलं आहे. गे किंवा लेस्बियन जोडप्यांसाठी तेवढंही नाही.

म्हणजे नकार मिळाला तर भांडण्यात वेळ घालवू नये, पुढचं घर बघावं. कायदा खरा कामाला येतो तो घर मिळाल्यानंतर, करारातून.

आता इमारतींचे प्रकार.

बारा ते वीस फ्लॅटची जुनी सोसायटी. दादर, पार्ले, डोंबिवली, कोथरूड, कुठेही. बहुतेक घरांत मालक स्वतः राहतात आणि कमिटीत तेच तिघं निवृत्त गृहस्थ बऱ्याच वर्षांपासून असतात. इथं नवा भाडेकरू ही बातमी असते. जिन्यात गाठून आडनाव, गाव, नोकरी, ‘लग्नाचं काय मग?’ सगळं विचारलं जातं. अंगावर काटा येईल इतकी चौकशी, हे खरं. पण अशाच इमारतीत एका घराशी सूत जुळलं की बाकीचे आपोआप गप्प बसतात. चौकशी करणाऱ्या काकूच पुढे किल्ली ठेवून घेतात आणि ताप आला की मऊ भात पाठवतात. त्यांना काय कळलंय आणि काय नाही, हे कधीच उघड बोललं जात नाही. हे स्वागत म्हणायचं का? ज्याने त्याने ठरवावं. काहींना हे न बोलणंच गुदमरवतं.

दुसरा प्रकार म्हणजे तीनशे ते हजार फ्लॅटची संकुलं. ठाण्याचा घोडबंदर रोड, खारघर, वाकड, खराडी. इथले कितीतरी फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात, भाडेकरूंची ये-जा सतत चालू, आणि कमिटीचा जीव पार्किंग नि टँकरच्या बिलात अडकलेला. इथं कुणी विचारत नाही. गेटवरचं अ‍ॅप प्रत्येक पाहुण्याची नोंद ठेवतं हे खरं, पण ती नोंद वाचायला कुणाला वेळ नसतो. अडचण येते ती नोंदणीच्या फॉर्ममध्ये. ‘फॅमिली की बॅचलर’ असा रकाना असतो, आणि काही ठिकाणी दुसऱ्या रहिवाशाचं पहिल्याशी नातंही विचारतात. करारात दोघांची नावं असतील तर दोघांनी स्वतंत्र भाडेकरू म्हणून नोंद करावी. नात्याचा रकाना उरतच नाही.

पुण्यात आणखी एक प्रकार सापडतो: बंगल्याचा वरचा मजला, खाली मालक. कमिटी नाही, सेक्रेटरी नाही, एकच माणूस. तो माणूस चांगला निघाला तर शहरातलं सर्वात उत्तम घर हेच, अंगणात प्राजक्त वगैरे सगळं. नाही निघाला तर दर रात्री फाटकाचा आवाज मोजणारं कुणीतरी खाली बसलेलं असतं. अशा घरात राहायला जाण्याआधी मालकांना आपल्या नात्याबद्दल स्पष्ट सांगावं, दुसरा इलाज नाही.

पुनर्वसनात मिळालेले फ्लॅट स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर हस्तांतराची बंधनं असल्याने मालक करार नोंदवायला कां-कूं करतो. नोंदलेला करार नसेल तर आपल्या हातात काहीच राहत नाही. हेवी डिपॉझिटचंही तेच. दहा-पंधरा लाख एकरकमी देऊन बिनभाड्याने राहायचं, आणि निघताना मालक म्हणणार की पुढचा भाडेकरू आला की देतो. ज्यांना एखाद्या रात्री घर सोडावं लागण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, त्यांनी एवढी रक्कम दुसऱ्याच्या हातात अडकवू नये.

इमारतीत भाडेकरू किती, हे मालकाला विचारण्यापेक्षा तळमजल्यावर पाच मिनिटं उभं राहून कळतं. नावांच्या फलकावर रंगवलेली जुनी अक्षरं किती आणि नंतर चिकटवलेल्या कागदी चिठ्ठ्या किती. पार्किंगमध्ये परराज्यातल्या नंबरांच्या दुचाकी आहेत का. नोटीस बोर्ड तर अक्षरशः वाचून काढावा. पाण्याची वेळ, लिफ्टचा देखभाल करार, गणपतीची वर्गणी एवढंच असेल तर उत्तम. ‘भाडेकरूंनी रात्री दहानंतर पाहुणे आणू नयेत’, ‘कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’, थकबाकीदारांची नावं मोठ्या अक्षरांत, असलं काही असेल तर त्या कमिटीला दुसऱ्याच्या घरात डोकावायची सवय आहे. कामवाल्या बाईला लिफ्ट नाकारणारी इमारत तुम्हाला आपलं म्हणेल ही अपेक्षा फोल आहे.

घर तीन वेळा बघावं: आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आठला, रात्री साडेनऊनंतर आणि रविवारी अकराच्या सुमारास. सकाळी पाणी, लिफ्टची रांग आणि वॉचमन कळतो. रात्री रस्ता कळतो: मेडिकलचं दुकान उघडं आहे का, एकट्या बाया रिक्षाच्या रांगेत निवांत उभ्या असतात का, टपरीवर टोळकी कशाबद्दल बोलतात. एकटी बाई जिथं रात्री दहाला घाईघाईने चालत नाही, ती गल्ली बायकी चालीच्या मुलालाही बरी जाते. हा ठोकताळा आहे, पण कामाचा. रविवारी मालक मंडळी खाली जमलेली असतात. त्यांच्यामधून चालत जाऊन बघावं, किती माना वळतात. एका फेरीला दोघांनी मिळून जावं. एकाने घर पसंत करायचं आणि दुसऱ्याने थेट सामान घेऊन उगवायचं, यातूनच नंतरची ‘हे कोण?’ ही चौकशी सुरू होते.

एजंटशी बोलताना वाक्य आखूड ठेवावं. ‘आम्ही दोघं, दोघंही नोकरीला, वन बीएचके, करार दोघांच्या नावावर.’ एवढंच. पुढे तो ‘भाऊ-भाऊ का?’ विचारणार. नाही म्हणावं. मामेभाऊ, आतेभाऊ ही थाप फार लोकप्रिय आहे आणि फार लवकर फुटते: आधार कार्डावरची आडनावं, गावं, धर्म, बोलीभाषा, आणि मग एखाद्या दिवशी खऱ्या आईचं आगमन. एकदा थाप उघडी पडली की मालकाला नात्याचं काही वाटो न वाटो, खोटं बोलल्याचं कारण त्याला आयतं मिळतं. ‘आम्ही बऱ्याच वर्षांपासून एकत्र राहतो’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

बंगल्यातलं घर सोडलं तर मालकाला नात्याबद्दल सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सांगायचंच असेल तर त्याची वेळ ठरलेली आहे: घर पसंत पडल्यानंतर आणि टोकन देण्याआधी. टोकन दिल्यावर सांगितलं आणि तो मागे फिरला, तर टोकनही अडकतं आणि मनही कडवट होतं. मालकाला सांगणं आणि कमिटीला सांगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं कधी कधी उपयोगाचं असतं, दुसऱ्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, सभासदाला भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी कळवायचं, नोंदलेल्या कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. तरी सेक्रेटरी ‘एनओसी’ मागतो, ‘मुलाखत’ घेतो. इथं मालक कसा आहे ते कळतं. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसल्याने त्याच्या बाजूने पत्र लिहायचं, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जायचं, हे मालकालाच करावं लागतं. जो मालक पहिल्याच फोनला ‘सोसायटीचं मला काही सांगू नका’ म्हणतो, तो पुढेही काही करणार नाही. परदेशातला मालक असेल तर घराची देखभाल कोण करतं ते विचारावं. बहुधा त्याचे वडील किंवा मेहुणा असतो, आणि रोजचा संबंध त्यांच्याशीच येतो.

करार हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि त्यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी न केल्यास शिक्षाही त्यालाच, आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: मुदतीचं एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम. भाडं ३०,००० आणि डिपॉझिट ९०,००० असेल तर अकरा महिन्यांसाठी ३,३८,२५० वर साडेआठशेच्या आसपास. शिवाय शहरी भागात नोंदणी फी १,०००. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, तो आपली फी वेगळी घेतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे ठसे.

या करारात दोघंही लायसन्सी, म्हणजे भाडेकरू, म्हणून हवेत. ‘एकाच्याच नावावर करू, दुसऱ्याचं काय, राहतील ते’ असं एजंट सुचवतो, कारण त्याचं काम कमी होतं. ते मान्य केलं तर काय काय अडतं ते बघा. दुसऱ्याला पत्त्याचा पुरावा नाही, म्हणजे आधारवरचा पत्ता बदलत नाही, म्हणजे बँक, पासपोर्ट सगळं गावच्या पत्त्यावर आणि टपाल आईवडिलांच्या हातात. घरभाडे भत्त्यावरची (एच.आर.ए.) करसवलत फक्त एकाला. नाव असलेला माणूस इस्पितळात किंवा परदेशात गेला की दुसरा कमिटीच्या लेखी पाहुणा. आणि भांडण झालं, वेगळं व्हायचं ठरलं, तर ज्याचं नाव नाही त्याने एका रात्रीत कुठे जायचं? जोडपी तुटतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. करारात त्याची सोय करून ठेवावी. एकाने सोडलं तर दुसऱ्याच्या नावावर उरलेली मुदत चालू राहील असं एक वाक्य पुरतं. डिपॉझिट कुणी किती भरलं तेही लिहून घ्यावं, आणि परतफेड त्याच खात्यांत त्याच प्रमाणात.

आणखी दोन कलमं ताडून पाहावीत. ‘जागा फक्त कुटुंबाच्या वापरासाठी’ असं छापील मसुद्यात असतं. तिथं दोघांची नावं घालून ‘यांच्या निवासासाठी’ करून घ्यावं. दुसरं, ‘कोणतेही अनैतिक कृत्य केल्यास करार रद्द’. नैतिक काय हे ठरवणार कोण? तिथं ‘कायद्याने गुन्हा ठरणारे कृत्य’ असा बदल सुचवावा. २०१८ नंतर या शब्दांत आपल्याला भीती नाही, आणि मालकालाही हा बदल नाकारायला कारण नाही. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, मालक-भाडेकरू दोघांनाही सारखा असावा, सूचनेची मुदत एक महिना. नात्याचा उल्लेख करारात लागत नाही, तो घालूही नये, आणि खोटा तर मुळीच नको. नोंदलेल्या कागदावर ‘चुलत भाऊ’ असं लिहून ठेवणं म्हणजे आपल्या विरोधातला पुरावा आपणच तयार करणं. पोलिसांना द्यायच्या भाडेकरूच्या माहितीतही तसंच: दोघं भाडेकरू, कायमचे पत्ते, ओळखीच्या माणसांची नावं. तिथं गावाकडच्या नातेवाइकाऐवजी ऑफिसातला सहकारी द्यावा. चौकशीचा फोन गेलाच तर तो घरच्यांकडे जाऊ नये, एवढ्यासाठी.

दोन बायकांचं गणित वेगळं आहे. तिशीपर्यंत त्यांना घर पुरुषांपेक्षा लवकर मिळतं. ‘मुली स्वच्छ राहतात, पार्ट्या करत नाहीत.’ वन बीएचकेलाही कुणाची हरकत नसते. दोन मैत्रिणी एका पलंगावर झोपतात यात कुणाला काही दिसतच नाही. हे न दिसणं सोयीचं आहे आणि अपमानास्पदही. मात्र त्यांच्यावर नजर जास्त असते, आणि खरा धोका शेजाऱ्यांकडून नसून माहेरून असतो. मुलगी हरवल्याची तक्रार द्यायची, पोलिसांना घेऊन दारात उभं राहायचं, हे आजही घडतं. म्हणून त्यांनी घर ठरवताना पोलीस ठाणं कोणतं लागतं हेही बघावं. दोघी सज्ञान आहेत आणि स्वतःच्या इच्छेने इथं राहतात असं तारखेसह लिहून, सही करून, वयाच्या पुराव्याबरोबर वकिलाकडे ठेवावं. ते ठाण्यात आधीच द्यायचं की नाही, हे त्या वकिलाने ठरवावं. काही ठाण्यांत त्या अर्जाचा उपयोग होतो, काही ठिकाणी तोच माहेरी फोन करायला निमित्त ठरतो. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवू जी. नायर खटल्यात उच्च न्यायालयांना मार्गदर्शक सूचना दिल्या. जोडीदाराची किंवा मैत्रिणीची हेबिअस कॉर्पस याचिका (डांबून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे आणण्यासाठीची) लांबवू नये, संबंधित व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिला बदलायला बघू नये. वकिलाला हा निकाल माहीत आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. कुठल्या भागातले पोलीस कसे वागतात, कोणता वकील धावून येतो, ही माहिती संस्थांकडे असते. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात हमसफर ट्रस्ट आहे, १९९४ पासून. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला.

एरियाबद्दल थोडं बोलायलाच हवं. अंधेरी पश्चिम आणि वर्सोवा इथं सिनेमा-मालिकांतली माणसं वर्षानुवर्षं भाड्याने राहत आली आहेत. अवेळी येणारे, बिनलग्नाचे, रंगीत केसांचे भाडेकरू तिथल्या वॉचमनला नवे नाहीत. त्या सवयीची किंमत भाड्यात लावलेली असते. वांद्र्याबद्दल बोलायलाच नको. पण मेट्रोने हिशेब बराच बदलला. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ पासून आहे, आणि आरे ते कफ परेडची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) किंवा दक्षिणेला असेल तर मरोळच्या, साकीनाक्याच्या बाजूची साधी घरंही विचारात घेता येतात. पुण्यात वनाज-रामवाडी मार्ग ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाला. कल्याणीनगरचं भाडं परवडत नसेल तर रामवाडी स्टेशनच्या पलीकडे वडगाव शेरीत बघावं; मित्रमंडळी, कॅफे, कार्यक्रम सगळं आवाक्यात राहतं. माणसं लांब पडली की घर कितीही मोकळं असलं तरी एकटं पाडतं. विरारला मोठा फ्लॅट घेऊन दोघंच एकमेकांचं तोंड बघत बसणारी जोडपी पुष्कळ आहेत, आणि ते नात्याला मानवत नाही.

परवडणं म्हणजे काय, याचं माप इथं थोडं कडक लावावं लागतं. दोघांच्या पगाराची बेरीज करून भाडं ठरवू नये. ज्याचा पगार कमी, त्याला एकट्याला तीन महिने रेटता येईल इतकंच भाडं घ्यावं. रूममेट गेला तर दुसरा मिळतो, जोडीदाराच्या जागी जाहिरात देता येत नाही. आणि नोकरी गेल्यावर घरून पैसे येतीलच असं अनेकांच्या बाबतीत नसतं. शिवाय उठून जायचे पैसे वेगळे हवेत. ३०,००० भाड्याचं घर बदलायचं तर नवं डिपॉझिट ९०,०००, पहिलं भाडं ३०,०००, एजंटला एक महिन्याचं ३०,०००, टेम्पो-हमाली १५,०००, नोंदणी दोनेक हजार. पावणेदोन लाखांच्या घरात जातं, आणि जुनं डिपॉझिट रंगकामाचे पैसे कापून नंतर कधीतरी येतं. एवढी रक्कम मुदत ठेवीत, दोघांच्या नावाने. समलिंगी जोडीदाराबरोबर संयुक्त खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला कोणतंही बंधन नाही, असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. शाखेत कुणी हुज्जत घातली तर त्याची छापील प्रत पुढे ठेवावी.

करातही गमती आहेत. कायदा तुम्हाला नवरा-बायको मानत नाही, म्हणून एकमेकांना दिलेली भेट वर्षाला ५०,००० च्या वर गेली की घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. याला २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. निकाल येईतोवर भाड्याचा वाटा एकमेकांना पाठवताना यूपीआयच्या टिपेत ‘घरभाडं’ लिहायची सवय ठेवावी. तो खर्चातला वाटा आहे, भेट नव्हे. करारात दोघं असतील तर जुन्या करपद्धतीत ज्याने जेवढं भाडं भरलं तेवढ्यावर त्याला एच.आर.ए. मागता येतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन लागतो, तो करारातच घालून घ्यावा.

भाड्याची दगदग नको म्हणून घर विकत घेणाऱ्यांसाठी एवढंच: महाराष्ट्रात फक्त स्त्रियांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि दोन स्त्रिया मिळून घेत असतील तर ती दोघींना मिळते. नवरा-बायकोच्या संयुक्त खरेदीला मिळत नाही. ऐंशी लाखांच्या घरावर ऐंशी हजार. कायद्याने चुकून केलेला हा आहेर घेऊन टाकावा. कुणाचा किती हिस्सा हे खरेदीखतातच टक्क्यांत लिहावं, कारण पुढे बदलायचं झालं तर पती-पत्नीतल्या बक्षीसपत्राला असलेली नाममात्र शुल्काची सोय तुम्हाला नाही. घर एकाच्याच नावावर असेल आणि तो वर्षभर परदेशी गेला, तर उपविधींतल्या ‘कुटुंब’च्या व्याख्येत जोडीदार बसत नसल्याने सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावू शकते, त्याला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, एवढा दिलासा. आणि सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं की काम झालं असं समजू नये. नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. घर जातं ते मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसांकडे, आणि वारस म्हणजे रक्ताचे नातेवाईक, जोडीदार नव्हे. मृत्युपत्र दोघांनीही वेगवेगळं करावं. दोन साक्षीदार तरुण आणि शहरातलेच असावेत, त्यांच्यापैकी कुणाला त्यात काही मिळत नसावं, सोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घ्यावी. मूळ प्रत कुठे ठेवली आहे हे जोडीदाराखेरीज आणखी एका माणसाला माहीत असू द्यावं, आणि तो माणूस शक्यतो त्याच शहरातला असावा.